मोले, रात्री दोन

सुलक्षा विचारते, रविवारी येतेस का मोलेला,
दोन बाइक आहेत, मामाची दुर्बीण आहे.
मी म्हणते, बघते.
बघते हा आमच्या घरचा नकार,
तिला तो अजून ओळखता येत नाही.

रविवारी मी बोगमाळोच्या हॉटेलात
पाहुणे उठून गेलेल्या खोल्यांच्या चादरी मोजते.
माझी सुट्टी मंगळवारी.

अप्पाला विचारलं होतं एकदा.
दिवसभर चिरे वाहून आलेला, पायांना तेल चोळत बसलेला.
म्हणाला, पैसे देऊन झाडं बघायची?
मग बऱ्याच वेळाने, तेलाच्या बाटलीला सांगितल्यासारखं :
गावच्या डोंगरात गार्डाने कुऱ्हाड काढून घेतली होती.
अज्जाची कुऱ्हाड.
मागायला कोण जाणार?

अव्वाला रान म्हटलं की साप दिसतात.
मला दिसतो फाटकावरचा माणूस.
तो कार्ड मागेल. मी जन्मले चिखलीच्या इस्पितळात,
कार्डावर अजून तालुका मुंडरगी.
तूं खंयची गो?
मला चार भाषांत उत्तर येतं
आणि चारही भाषांत ते लांबतं.

शाळेत मला घाटी म्हणायचे.
घाट कसा असतो
ते कुणी दाखवलं नाही.

खरं तर मोलेतून मी कितीदा गेलेय.
दर जत्रेला, दर मयताला
वास्को-गदग गाडी रात्री तिथूनच वर चढते.
अव्वा काच ओढून घेते,
झोप मगा, काही नाही इथे, नुसतं रान.

अज्जी गेली त्या वर्षी
चेकनाक्याच्या पुढे टायर बसला.
सगळे उतरले, मुलांसकट, पिशव्यांसकट.
इंजिन बंद झालं
आणि इतका काळोख मी पहिल्यांदा पाहिला.
झुआरीनगरात कारखान्याचा उजेड
आमच्या पत्र्यावर रात्रभर जागा असतो.
अप्पाने बिडी काढली, वास घेतला, परत ठेवली.
ड्रायव्हरची बॅटरी चाकावरून घसरून झाडावर गेली,
तिथे दोन डोळे. नारिंगी, गोल,
अंगापेक्षा मोठे वाटावेत असे.
कोणी म्हणालं माकड, कोणी भूत. अव्वाने तोंड फिरवलं.
अप्पा हळूच म्हणाला, काडुपाप.
रानातलं तान्हं.
आईच्या मयताला निघालेला माणूस
ते नाव असं म्हणाला
की मला वाटलं, हा कुणाला तरी ओळखतो इथे.

सुलक्षाच्या वहीत प्राण्यांची यादी आहे.
एका नावापुढे गेली तीन वर्षं
चौकट रिकामी.
मी तिला काही सांगितलेलं नाही.
तिकीट न काढता पाहिलेलं
धरतात की नाही, ठाऊक नाही.

काल मात्र सुपरवायझरला म्हटलं,
एक रविवार बदलून हवा होता.
त्याने रजिस्टरमधून मान वर केली नाही.
बघतो, म्हणाला.