तास

दारव्ह्याच्या अलीकडे, तीन हजार फुटांवर,
इंजिन दोनदा खोकललं
आणि मग खोकलणंही थांबलं.

पंखा फिरत राहिला,
वारा फिरवत होता म्हणून,
जत्रेतल्या भिंगरीसारखा, बिनकामाचा.

आधी नाक खाली. काटा पासष्टवर.
काचोरे सर म्हणायचे, इंजिन म्हणजे पगार,
उंची म्हणजे गाठीची रक्कम.
पगार थांबला की रक्कम मोडायची,
पण घाबरून एकदम नाही.
सरांची उजवीकडची जागा रिकामी.
रिकाम्या जागेचा पट्टा मीच आवळून ठेवलेला.

चार मिनिटं.

टाकीचा खटका, मिक्श्चर, गरम हवेचा दांडा,
चावी डावीकडे, उजवीकडे, दोन्हीवर.
हातांना सगळं ठाऊक होतं,
मीच त्यांच्या मागून धावत होते.
'मेडे' तीनदा म्हणाले.
तिसऱ्यांदा आवाज आत्यासारखा आला,
ती देवळात नाव सांगते तसा.

मग खाली बघितलं.
वरून हा मुलूख सपाट वाटतो. सपाट नाही.
संत्र्याची बाग नको. उभी पऱ्हाटी नको.
रस्त्यावर ट्रक, आणि रस्त्यालगत लग्नाचा मांडव,
कुणाचा तरी लाल-पिवळा.
नाल्याच्या काठी एक फिकट तुकडा,
हरभरा काढून मोकळा झालेला.

वारा कुठला?
धुऱ्यावर कुणीतरी पऱ्हाट्या पेटवल्या होत्या.
धूर पूर्वेला वाकत होता.
त्या माणसाचं नाव मला अजून माहीत नाही.

खांब दिसतात, तार दिसत नाही.
एक खांब, दोन, चौथा.
तिसरा बाभळीनं झाकला होता.
तार मागे पडल्यावरच फ्लॅप सोडले.

आडव्या तासानं बंडीचा आख मोडते,
असं मामा म्हणायचा, बैलांच्या काळातला.
मी तासाच्या रेघेत वळले.
पेट्रोल बंद. मास्टर बंद.
दार किलकिलं करून फटीत चेकलिस्ट कोंबली,
कारण वाकलेलं दार मग उघडत नाही.

काळी माती मऊ असते, असं मला वाटायचं.
ढेकळं पोटावर धडधडली,
पुढचं चाक दुमडलं,
आणि धुऱ्याच्या आठ हात अलीकडे विमान
म्हशीसारखं गुडघे टेकून बसलं.

आत जायरोची घरघर तेवढी,
कमी कमी होत जाणारी.

एक बाई आली, डोक्यावर तुराट्यांचा भारा.
"मोटर बसली काय वो?"
"हो."
"आमचीबी बसते. हवा धरते."
मग माझ्या हातांकडे तिचं लक्ष गेलं.
भारा तिथंच टाकला,
कळशीतलं पाणी माझ्या मानेवर ओतलं,
न विचारता, वासराला धुवावं तसं.
पंचफुला दुधे. शेत तिचंच.

पाच दिवसांनी मेकॅनिक बुरड्यांनी
पंखाखालच्या नळीतून, टाकी जिथून श्वास घेते तिथून,
तारेनं पेरभर माती काढली.
कुंभारमाशीचं घर.
आत एक अळी, आणि तिच्या पुढच्या जेवणासाठी
गुंगवून ठेवलेले दोन कोळी.
किती नीट बंद केलं होतं तिनं दार.

त्या सकाळी त्या नळीपुढे मी टिक केली होती.
वाकले होते का?
चौकशीच्या कागदावर 'होय' लिहिलं.
खोटं नसावं.

लॉगबुकात त्या दिवसाचे तास: शून्य पूर्णांक सात.
उतरण्याची जागा या रकान्यात
काय लिहावं ते कळेना, गट नंबर लिहिला.

आता रोज वाकते, बोट घालून बघते,
सोबतची पोरं हसतात.

पंचफुलाबाईंनी नंतर तिथं तीळ पेरला.
फोनवर म्हणाल्या, सगळा आला,
तुझ्या चाकाच्या दोन तासांत तेवढा
उशिरा आला.