पांढरी कड

वास आधी आला.
पाय वर अडकवलेले, कंबरेखाली हिरवं कापड,
डॉ. ताम्हाणे म्हणाल्या, "जरा चुरचुरेल, व्हिनेगर आहे,"
आणि मी परळच्या चौथ्या मजल्यावरून
थेट चिंचपोकळीच्या पुलाखाली, अण्णांच्या डार्करूममध्ये.
दुसऱ्या ट्रेमधलं ते पाणी. स्टॉप बाथ.
कागद बुडवला की चित्र जिथल्या तिथे थांबतं.
इथे उलटं. इथे ते लावल्यावर
चित्र उमटायला लागलं.

मिनिटभर थांबायचं होतं. मी साठ मोजले,
अण्णा मोजायचे तसे, ओठ न हलवता.
स्क्रीनवर गुलाबी गोल, आणि घड्याळाच्या बारा ते तीनमध्ये
दुधावरच्या सायीसारखा पांढरा डाग.
एक्केचाळीस वर्षं माझ्यात असलेली जागा
मी पहिल्यांदा पाहत होते.
तिला मुख म्हणतात, हेही त्याच दिवशी कळलं.
"कॅन्सर नाही," बाई म्हणाल्या. "पण वाट तिकडची आहे."

मग औषधांच्या पॅडवर पेनने काढून दाखवलं.
तारेचा बारीक फास, त्यात वीज,
वीस मिनिटांत डागासकट तुकडा बाहेर.
नाहीतर जेल लावायचं, काही तास बसून राहायचं,
बिघडलेल्या पेशी ते पिऊन घेतात,
मग लाल उजेड सोडायचा.
प्यायलेलं जळतं, बाकीचं राहतं.
"कापाकापी नाही. पण अजून अभ्यासच चालू आहे त्यावर.
मी खात्री देणार नाही."

लाल उजेड.
मी हसले असेन, कारण त्यांनी मान वर केली.
आमच्याकडे लाल हाच एक निर्धोक रंग होता.
आईने चुकून पांढरा दिवा लावला की आरडाओरडा;
लालमध्ये मात्र मी कागदांच्या खोक्यांशेजारी झोपायची.
उजेडावर पोसलेली मुलगी मी,
मला तारेचा फास कशाला?

बाकावर शेजारी शगुफ्ता. गोवंडीची, चोवीसची.
तिचं ठरलेलं. "मुझे अभी बच्चा चाहिए, ताई.
तुकडा काढला तर पोर कधीकधी वेळेआधी येतं म्हणे."
मला मूल नाही, आता नकोही.
हे इतकं सरळ मी सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं.
तिने मान हलवली आणि पर्समधली बडीशेप पुढे केली.

शेवटी बाईंना एकच विचारलं:
उजेड गेल्यावर मागे काय उरतं?
"काही नाही. तेच चांगलं त्यात.
आणि तेच वाईट. मायक्रोस्कोपखाली ठेवायला
हाती काही येत नाही. खोलवर काही होतं का,
कळत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं."

म्हणजे निगेटिव्ह मिळणार नाही.

अण्णांनी छत्तीस वर्षांच्या निगेटिव्ह
बिस्किटांच्या डब्यांत जपल्या,
मेलेल्या गिऱ्हाइकांच्यासुद्धा.
प्रिंट कुणालाही द्या, म्हणायचे, ही द्यायची नाही.
उद्या कुणी विचारलं तर दाखवणार काय?

मी तार निवडली.

केस जळल्यासारखा वास आला, थोडाच.
मग बाटलीत, फॉर्मॅलिनमध्ये,
भिजलेल्या शेंगदाण्याएवढी मी,
बारा कुठे वाजतात ते कळावं म्हणून
एक काळा टाका घातलेली.

अकरा दिवसांनी रिपोर्ट. गिचमिडीत एक ओळ:
कडा मोकळ्या.
प्रिंटभोवती अण्णा पाव इंच पांढरं सोडायचे.
गिऱ्हाईक कुरकुरायचं, कागद वाया घालवता म्हणून.
कटर घसरलं तर, ते म्हणायचे,
त्याला घसरायला जागा नको?

शगुफ्ताचे सहा महिने डिसेंबरात पुरे होतात.
मधूनच तिचा फोन येतो.
"ताई, आतून काही कळतं का हो?"
नाही कळत, मी म्हणते.
मग आम्ही तिच्या नणंदेच्या लग्नाचं बोलतो,
हॉल कुठला, शरारा शिवायचा की भाड्याने आणायचा.