चौकोनी

अबू शगाऱ्यात संध्याकाळचे सात वाजले
तरी बोनेटवर हात टेकवत नाही.
विकणारा विचारतो, साहेब नाही आले?
मी पर्समधून टेप काढते.

मागचं दार उचललं की तोंड
एकशे दोन सेंटिमीटर रुंद.
माझं घडीचं टेबल त्र्याण्णव.
गेली तीन वर्षं ते टॅक्सीत पुढच्या सीटवर
बेल्ट लावून बसतं आणि मी मागे,
त्याची मदतनीस असल्यासारखी.
अल खानपासून अजमानपर्यंत
गुडघे, मणके, प्लास्टर नुकतं काढलेली मनगटं.

यूनुसभाई परकार टायरपाशी उकिडवे बसलेत.
मूळ दाभोळचे, तीस वर्षं इथल्या गॅरेजांत.
रबरावरचे चार आकडे बोटाने पुसून वाचतात.
"बाय, नक्षी नवी दिसते, पण रबर सा वर्साचा हाय.
हितल्या उन्हात रबर माणसाच्या आधी म्हातारा होतो."

मग कार्पेट उचलतात, सीटखाली हात घालतात
आणि बोटं हुंगतात.
चिखलाचा वास आला, तर ती
दूर कुठल्यातरी देशातल्या पुरात बुडून
जहाजाने इथे वाळायला आलेली.
ही बुडालेली नाही. ही इथलीच.
रेलमध्ये वाळू, खजुराची एक बी,
आणि लहान मुलीची क्लिप, जांभळी.

दिसायला म्हणाल तर नाक नाही, कंबर नाही,
पोराने पट्टी धरून काढलेली.
वारा हिला वळसा घालत नाही, येऊन धडकतो.
शंभरच्या पुढे शिट्टी वाजवते म्हणे.
मला कुठे जायचंय शंभरच्या पुढे.

परवा शोरूममध्ये पाहिली होती, याच घाटाची, कोरी.
तिथल्या मुलाने कॉफी दिली,
प्लास्टिक न काढलेल्या सीटवर बसवलं.
वास असा, की वाटावं
आपलं अजून काहीच बिघडलेलं नाही.
हप्ता पाच वर्षांचा.
माझा व्हिसा दोन वर्षांचा.
त्याने कॅल्क्युलेटरवर बराच वेळ बोटं चालवली,
हे कुठल्या बटणात बसेना.

"काचा लाव आन् पाच मिन्टां बस," यूनुसभाई म्हणतात,
"गार वारा काय, सगळेच देतात.
गाडी उभी असताना किती टिकतो ता बघ."
बसले.
बाहेर दोघांचे ओठ हलताहेत. आकडे असणार.

सीटची डावी कड चेपलेली.
कुणीतरी रोज उतरताना तिच्यावर भार दिलाय,
कंबर दुखणारं कुणीतरी.
स्टीअरिंग एकाच जागी गुळगुळीत,
घड्याळात दहा वाजतात तिथे.
म्हणजे एका हाताने चालवायचा.
उजवा खांदा आखडलेला असेल,
मी सवयीने ठरवून टाकते.
व्यायामही मनात लिहून देते: भिंतीशी उभं राहून, दहा वेळा.
मग क्लिप आठवते.
मागे हात करून बसायचा असेल तो,
सिग्नल लागला की, तिच्या पायाला धरून.

पाच मिनिटं कधीच झाली. वारा गारच.

टेबल सोबत आणलंच होतं.
एक सीट पाडून आडवं सरकवलं.
दार पहिल्यांदा लागलं नाही,
दुसऱ्यांदा लागलं.
विकणाऱ्याने साहेबांचं नाव काढणं सोडलं
आणि पाचशे दिरहम उतरवले.
"टायराचे येगले काप," यूनुसभाई.

कुठे गेले हो ते, मी विचारलं.
कोण? गाडीवाले? गेले असतील मुलखात.
कुठल्या मुलखात ते त्याला माहीत नव्हतं.
मुल्कियावर नाव होतं, मी वाचलं नाही.

यूनुसभाईंनी छतावर दोन थापा मारल्या,
बैलाच्या वशिंडावर मारावीत तशा.
"घे, बाय. पांढरी हाय,
इकताना तरास नाय देणार."

अजून मी ती घेतलीही नव्हती.