पांझरा शेळीनं खाल्ली

साहेब, नकाशा भिंतीवर नाही.
तुम्ही उभे आहात, त्यावरच.
जरा बूट काढता?
डावा पाय तुमचा साक्रीत आहे,
उजवा, माफ करा, तापीच्या पात्रात.

तापी केळीच्या सोपटाची.
वैजंताच्या आजोबांनी मांडीवर दोरी वळली,
तीन दुपारी, बिडी न पेटवता,
कारण नातीनं बजावलं होतं, नदीला वास लागेल.
सातपुडा गेरूमातीचा, भुसा कालवून.
धुळ्याच्या अंगाला सरकी चिकटवलीय,
नंदुरबारला मिरचीचे देठ.
वैजंता बोटांनी चाचपत मावळतीकडे निघते
आणि शिंक आली की ओरडते,
"उनं नंदुरबार!"

पहिल्या दिवशी तिची आई उंबऱ्याबाहेरच थांबली.
"तिले दिसस नही, बाई.
बसाडी ठेवा एखादा कोपरामा."
कोपरा म्हटल्यावर मी मागं वळून पाहिलं.
तिथं आधीच एक जण बसलेला.

अंबालाल. वर्षभर मीच बसवला होता त्याला तिथं.
हाक मारली तरी वळायचा नाही.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय, पाहा,
माझंच अक्षर, निळी शाई:
'दुर्लक्ष करतो.'
कोण करत होतं, ते लिहायला
रकाना नव्हता.
कानाची तपासणी पुढच्या वर्षी झाली,
तीही शिरपूरला दोन खेपा घातल्यावर.

मग होळीच्या आठवडाभर आधी
सुकराम पावरानं बापाचा ढोल आणला.
हा सुकराम दोन वर्षं माझ्या मराठीपुढं
मान खाली घालून बसायचा,
विचारलं की पाटीची कड कुरतडायचा.
त्यानं पहिली थाप मारली
आणि बाकावरची कंपासपेटी सरकत सरकत खाली पडली.
पोरं हसली.
अंबालाल उठला.
फरशीवर पालथा झाला, गाल टेकून,
आणि एका बोटानं
थापेला थाप देऊ लागला,
एकही न चुकता.
मी खडू खाली ठेवला.
तास भूगोलाचा होता, तो तसाच गेला.

तेव्हापासून पाढे आम्ही फरशीवर वाजवतो.
सातचा अवघड जातो.
वाजवला तरी अवघडच जातो, खोटं कशाला सांगू.
डोंगराला सुकरामच्या घरी काय म्हणतात
ते त्यानं सांगितलं, मी फळ्यावर लिहिलं.
त्यानं पाहिलं, डस्टर मागून घेतलं,
पुसून पुन्हा उच्चार करून दाखवला.
चार वेळा.

बाहेरचा उतार पाहिलात ना?
गवंड्यानं आधी असा उभा घातला होता
की राजमलची खुर्ची दारापर्यंत येऊन
उलटी घरंगळायची, तोही टाळ्या पिटायचा.
फोडला. पुन्हा घातला. पुन्हा फोडला.
तुमच्या फायलीत तो एकदाच आहे.
सिमेंट कुठून आलं ते नका विचारू.

आता तुमचा प्रश्न, पांझरा कुठंय?
पांझरा शेळीनं खाल्ली.
परवा, मधल्या सुट्टीत, दार उघडं राहिलं.
मुडावदच्या संगमापासून सुरुवात करून
थेट धुळ्यापर्यंत चावत गेली.
पोरांत दोन तट पडले.
एक म्हणे, राहू द्या,
उन्हाळ्यात नाहीतरी तिथं वाळूच असते.
वैजंता मात्र हात कमरेवर ठेवून उभी,
"मंग धुळाले जाऊ कशी मी?"

म्हणून आज पुन्हा दोरी वळायची आहे.
सोपटं भिजवून ठेवलीत, ती बादली.
अंबालाल वीत टाकून लांबी सांगेल,
सुकराम ठेका धरेल, पीळ सारखा पडावा म्हणून.
आजोबांना ताप आहे.

तुमची पुढची शाळा किती वाजता?
नाही, तसं काही नाही.
पीळ घालताना दुसरं टोक
कुणीतरी धरावं लागतं.