ताटं किती?

केटरर रोज विचारतो, ताई, ताटं किती?
मी म्हणते, बासष्ट धरा.
रात्री कळतं, सात नंबर लाइनीतला मोरेश्वर ठवकर
मागच्या पोळ्यालाच गेला,
मग मी एकसष्ट लिहिते,
कॅलेंडरच्या पाठीवर, पेन्सिलीनं.
पेन वापरणं पहिल्याच आठवड्यात सोडलं.

अजनीची आपली क्वार्टरं पाडून नऊ वर्षं झाली.
नळ नाही, हौद नाही, ओटे नाहीत.
एक कडुनिंब आहे,
त्याच्या बुंध्यावर रेल्वेनं पांढऱ्या रंगात आकडा टाकलाय.
तिथं जमायचं, फोटो काढायचा, तर्री-पोहे खायचे,
मग हॉलवर जेवण: पाटोडी, वांग्याचं भरीत, संत्रा बर्फी.
"सावजी काहून नाही?" मोंटू बिश्वास रायपूरहून ओरडतो.
त्याला शुगर आहे, बीपी आहे, किडनी एकच आहे.
पुष्पलता नायडू म्हणते, मे महिन्यात ठेव, नातवंडांना सुट्ट्या असतात.
बाप्पा! मे महिन्यात नागपुरात?
नातवंडं वाळवायची आहेत का?
शेवटी ठरलं, संक्रांतीनंतरचा रविवार.

एकेक नंबर कोणाच्या जावयाकडून, कोणाच्या मेव्हणीकडून आला.
बल्लारशा, आमला, बिलासपूर,
जिथवर रूळ गेले तिथवर आपली पोट्टी गेली.
कोणी म्हणतं राँग नंबर,
आणि ठेवता ठेवता, "थांबा, शालू का व? पाण्याच्या टाकीजवळची?"
मग पलीकडे रडणं सुरू होतं,
मला काय बोलावं सुचत नाही,
मी विचारते, व्हेज की नॉनव्हेज?

फागू साहूचा नंबर सगळ्यात शेवटी सापडला.
डोंगरगडला असतो. गाडीवर चष्मे विकायचा, आता मुलाचं दुकान आहे.
"ओळखलं, ताई," म्हणाला,
पन्नास वर्षांनी, माझ्यापेक्षा स्वच्छ मराठीत.
तारीख ऐकली, हॉल ऐकला, माणशी सहाशे ऐकलं.
मग म्हणाला, "पैशांचा डबा कोणाजवळ ठेवलाय?"
आणि हसला.
मीही हसले.
फोन ठेवल्यावर माझा हात बराच वेळ फोनवरच राहिला.

डालड्याचा डबा होता, झाकणाला चीर पाडलेली,
गणपतीच्या वर्गणीचा.
मोजले तेव्हा साडेतीन रुपये कमी भरले.
फागू यार्डात कोळसा वेचायचा,
म्हणून कोणी फार विचार केला नाही.
बापानं त्याला नळावर मारलं, पाण्याच्या वेळेला,
बादल्या सगळ्या रांगेत लागलेल्या.
माझी तिसरी होती.
नंबर जाईल म्हणून कोणी हललं नाही,
मी धरून.

माझ्या दप्तरात, भूगोलाच्या पुस्तकात, पावती होती:
सेमिनरी हिल्स सहल, रुपये साडेतीन, मिळाले.

हरणं पाहून आले.
ओट्यावर बसून सगळ्यांना सांगितलं.
सगळ्यात जास्त फागूनंच विचारलं,
शिंगं केवढी? हात लावू देतात?
गालावर वळ तसाच होता,
आणि मी दोन्ही हात पसरून दाखवलं, एवढी,
होती त्यापेक्षा मोठी.

पुढं त्यांची बदली झाली, की केली, माहीत नाही.
गुण्याजनं पुरी कॉलनी म्हणते, काय दिवस होते ना व!
मी पण म्हणते. यादी करणारीनं म्हणावंच लागतं.

आज परत लावलाय फोन.
पहिलं वाक्य पाठ केलंय,
दुसरं अजून जमत नाही.
रिंग जातेय.
मध्येच केटररचा कॉल घुसतो, टुक, टुक.

थांबा हो दादा.
मोजते आहे.