सात चौकोन

पुडीवर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलंय:
औषध बंद केल्यावर सात दिवस
अंडी विकू नयेत.
चष्म्याशिवाय मला दिसत नाही,
पण वाळपईच्या गुरांच्या डॉक्टरांनी
त्याखाली नखानं रेघ ओढली
आणि मी मान डोलावली,
गाऱ्हाणं चालू असताना देवळात डोलावतो तशी.

चारशे कोंबड्या. मंगळवारपासून घरघर.
रात्री शेडजवळून गेलं की वाटे
आत कुणी रिकामा मिक्सर फिरवतंय.
टाकीत पूड सोडली, पाणी पिवळं झालं.
रविवारपर्यंत आवाज बसला.
अंडी घालणं मात्र एक दिवस थांबलं नाही,
कोंबडीला पुडीवरचं कोण वाचून दाखवणार?

बुधवारी कायतान आला.
चवथ आटपलेली, गणपती व्हाळात पोचवलेले,
अख्खा तालुका शिवराकाला विटलेला.
"वयनी, म्हापशाचे गाडेवाले मला कच्चा खातील."
टेम्पोही बंद केला नाही त्यानं.
मी पुडीचं काढलंच नाही.
ट्रे ठेवायला जागा नव्हती, हे खरं.
नोटा मोजायला मला आवडतं, हेही.

घरचं वेगळं असतं.
परड्यात तीन गावठी, हाडकुळ्या,
त्यांची तांबूस अंडी फणसाच्या बुंध्याशी.
शर्वाणीला तीच देते.

गुरुवारी शाळेतून येऊन तिनं स्वतःच उकडलं.
"आई, बघ, मोठं घेतलं."
पांढरं. शेडमधलं.
अर्धं सोललेलं अंडं हातात घेऊन
मी कॅलेंडरपाशी गेले:
सोम, मंगळ, बुध, गुरू.
"अंड्याची तारीख बघतेस?"
म्हटलं, गरम आहे, थांब जरा.

टाकावं तर कुत्रं खाणार.
मीठ लावलं, उभ्याउभ्याच खाल्लं.
चवीला चांगलं होतं.
वाईट लागलं असतं तर बरं झालं असतं.

मग तिच्याच खडूनं
नव्या ट्रेंवर तारखा घातल्या,
आणि कायतानला फोन केला: सोमवारी ये.
"तोवर मी होंड्याच्या माणसाकडे जातो."
जा, म्हटलं.
गेला.

काल नेलेले ट्रे कुठवर पोचले,
कुठल्या गाड्यावर कोण आत्ता
पाव बुडवतंय रोसात,
विचारायला तोंड उघडलं होतं मी.
फोन ठेवला त्यानं.
मी परत लावला नाही.