आडवी अक्षरं

लॅमिंग्टन रोडवरून आणला, अकराशेला.
आठ इंची टॅब. पाठीवर कुठल्याशा कुरिअर कंपनीचा
अर्धा खरवडलेला स्टिकर, त्याखाली मार्करनं
फरजाना, लाइन ४.
दुकानदार म्हणाला, मॅडम, विंडोज रडतरखडत चालते,
मागाहून परत आणू नका.

परत कशाला आणीन.
सव्वीस वर्षं ट्रंक बोर्डावर बसलेली बाई मी.
एका दोरीला बार्शी, एका दोरीला मिरज,
मध्ये माझा आवाज. होल्ड करा.

पहिल्याच दुपारी चार दहाला तो वाजला.
पडद्यावर आलं, अम्मी की दवा.
मी बंद केला.
दुसऱ्या दिवशी पुन्हा.

कन्नमवार नगर, तिसरा मजला, जेवणाचं टेबल.
पेनड्राइव्ह, ओजसचा टाकून दिलेला कीबोर्ड
(स्पेसबार डाव्या टोकालाच दाबायचा),
आणि चार तोंडांचा हब.
टॅबला मात्र तोंड एकच.
त्यातूनच खायचं, त्यातूनच बोलायचं.
चार्जर लावला की कीबोर्ड मुका,
कीबोर्ड लावला की बॅटरी उतरणीला.
एकेचाळीस टक्के.
तेवढ्यात उरकायला हवं.

पेनड्राइव्ह त्याला दिसेचना.
फोनवर ओजस म्हणाला, आत्या, आतला मालक चौसष्ट बिटांचा,
पण दारावरचा रखवालदार बत्तीसचा.
त्याला कळेल अशी चिठ्ठी ठेव फोल्डरमध्ये.
ठेवली. नखाएवढी फाइल.
रखवालदार बाजूला झाला.

मग काळा पडदा, आणि अक्षरं. पण आडवी.
सगळी कुशीवर निजलेली, ओळी वरून खाली घरंगळणाऱ्या.
मी मान कलती केली,
रिसीव्हर खांद्यात धरून लिहायचे तशी,
आणि वाचत गेले. मणक्यात जुनीच कळ निघाली.
मग लक्षात आलं, टॅब फिरवता येतो.
फिरवला. तर बोट वरच्या कोपऱ्यात टेकवावं
आणि खालचं बटण दबावं.

भाषा: मराठी.
चार ओळी छान शुद्ध. पाचवी इंग्रजी.
सहावीत जोडाक्षर फुटलेलं, पुढे चौकोन, चौकोन, चौकोन.
कुणीतरी रात्रीचं बसून
इथपर्यंत भाषांतर केलं असणार,
आणि मग घरात कुणी हाक मारली असणार.

वेळ कुठली? मुंबई यादीत नाहीच.
कराची आहे, काठमांडू आहे, कोलकाता आहे.
कलकत्ता बोर्डावर मिसेस घोषाल असायच्या,
चौदा वर्षं बोललो, तोंड कधी पाहिलं नाही.
बरं, तुमच्या घड्याळानं चालू.

सव्वीस टक्के.
डिस्कवरचं सगळं पुसायचं का?
हे परत मिळणार नाही.
हो आणि नाही शेजारी शेजारी,
आणि बोट उलटंसुलटं उमटणारं.
मी कीबोर्डचा बाण वापरला, सावकाश.
आत काय होतं ते पाहिलं नव्हतं, पाहायचंही नव्हतं.
चार दहा तेवढं ठाऊक होतं.
एंटर.

पट्टी सरकत राहिली. मी कोथिंबीर निवडली.
खाली कुणीतरी स्कूटर काढत होतं, निघत नव्हती.
अकरा टक्क्यांना त्यानं विचारलं,
या यंत्राचं नाव काय ठेवू?
रोमन अक्षरं, लहान लिपी, मध्ये जागा नको.
बराच वेळ काही सुचेना.
मग लिहिलं, लाइन५.

वाय-फाय अजून नाही, त्याचा ड्रायव्हर उद्या.
आवाज नाही. पडदा उभा, अक्षरं उभी,
डाव्या कोपऱ्यात एक रेघ उघडझाप करणारी.
चार दहाला माझंच लक्ष गेलं तिकडे.
जुन्या घड्याळात साडेपाच तास जास्तीचे मिसळून
तो दाखवत होता रात्रीचे नऊ चाळीस.

सहा टक्के.
कीबोर्ड काढला, चार्जर लावला.
होल्ड करा, म्हटलं,
आणि कोथिंबिरीची देठं उचलायला लागले.